तिसरी रेषा

मी घरांचे प्लॅन काढते. सांगलीत, दुमजली इमारतीतल्या एका खोलीत माझं ऑफिस आहे. एक टेबल, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकवून ठेवलेला एक जुना ड्रॉइंग बोर्ड. बोर्ड आता कामाचा नाही, पण तो काढायला मन होत नाही. आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलचा कोर्स केला तेव्हा सगळं काम असल्याच बोर्डावर व्हायचं. टी-स्क्वेअर, दोन गुण्ये, टोक काढलेल्या एच आणि टू-एच पेन्सिली, ट्रेसिंग पेपर आणि शेवटी नाक झोंबवणारे अमोनिया प्रिंट.

ज्यांनी टी-स्क्वेअर हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडी बोर्डाच्या डाव्या कडेला टी-स्क्वेअरचं डोकं घट्ट चिकटवून धरायचं आणि पट्टी वर-खाली सरकवायची. थांबाल तिथे आडवी रेषा मारा, आधीच्या रेषेला समांतर येते. उभी रेषा हवी असेल तर त्या पट्टीवर गुण्या टेकवायचा आणि डावी-उजवीकडे सरकवायचा. जिना, उतरतं छप्पर असं काही तिरकं असेल तर पंचेचाळीसचा किंवा तीस-साठचा गुण्या. एका प्लॅनमध्ये भिंतींच्याच शंभरेक रेषा असायच्या आणि त्यातल्या बहुतेक एकमेकींना समांतर किंवा लंब.

एवढ्या रेषा मारताना त्या पुढे वाढवून कुठे भेटतात का, हे मात्र कधी पाहिलं नाही. पाहणार तरी कसं? कागद संपतो, मग टेबल संपतं, मग खोली संपते. समांतर म्हणजे कितीही वाढवल्या तरी न भेटणाऱ्या, असं शाळेत शिकलो, पण 'कितीही' म्हणजे किती हे कुणालाच चालून बघता येत नाही. व्याख्येत जे लिहिलंय ते तपासता येत नाही, आणि बोर्डावर आम्ही जे तपासायचो त्याचा व्याख्येत पत्ता नाही. आम्ही बोर्डाची डावी कड धरायचो. दोन रेषा एकमेकींशी कशा आहेत हे त्या तिसऱ्या रेषेला विचारायचो.

हे मला तेव्हा असं शब्दांत सांगता आलं नसतं. भाची यंदा नववीला गेली आणि गणित भाग दोनचं पुस्तक घेऊन माझ्याकडे येऊन बसायला लागली, तेव्हा ते नीट जुळलं. दुसरं प्रकरण, समांतर रेषा. तिची तक्रार होती नावांची. "आत्या, संगत, आंतरव्युत्क्रम, बाह्यव्युत्क्रम, आंतरकोन... आठ कोन आणि एवढी नावं, कशाला?" तक्रार खरी आहे. मलाही त्या वयात ही नावं म्हणजे परीक्षकाने मुद्दाम पेरलेले काटे वाटायचे.

मी तिला नावं बाजूला ठेवायला सांगितलं आणि आकृती काढायला लावली. दोन समांतर रेषा, त्यांना तिरकी छेदणारी एक छेदिका. आता कोनमापकाने आठही कोन मोज. तिने मोजले. एकशे दहा, सत्तर, एकशे दहा, सत्तर, खाली पुन्हा तेच. आठ कोनांत मापं फक्त दोनच, आणि त्या दोघांची बेरीज एकशे ऐंशी. म्हणजे एक कोन कळला की उरलेले सात न मोजता कळतात. नावं आहेत ती कुठला कोन कुठल्याशी बोलतोय ते सांगण्यापुरती. मग तिच्याच कंपासपेटीतला गुण्या पट्टीला टेकवून सरकवायला लावला. पट्टी ही छेदिका. गुण्याचा कोपरा पहिल्या जागी असताना जो कोन करतो तोच दुसऱ्या जागी करतो, कारण कोपरा तोच आहे. हे संगत कोन. ते सारखे म्हणून रेषा समांतर. "एवढंच?" म्हणाली. एवढंच, पण यात एक गोम आहे, आणि तिथे भूमिती दोन हजार वर्षं अडकून पडली होती.

पुस्तकात दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. एक गुणधर्म आणि एक कसोटी. रेषा समांतर असतील तर संगत कोन सारखे असतात, हा गुणधर्म. संगत कोन सारखे असतील तर रेषा समांतर असतात, ही कसोटी. मुलं या दोन्हींची सरमिसळ करतात, आणि बरेच मोठेही करतात, कारण कानाला ते एकच वाक्य उलटसुलट केल्यासारखं वाटतं. युक्लिड या प्राचीन ग्रीक गणितज्ञाला मात्र तो फरक पक्का माहीत होता. त्याच्या 'एलिमेंट्स'च्या पहिल्या पुस्तकात कसोट्या येतात सत्ताविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या विधानात, आणि गुणधर्म येतो एकोणतिसाव्यात. पहिली अठ्ठावीस विधानं त्याने आपलं पाचवं गृहीतक अजिबात न वापरता सिद्ध केली आहेत. एकोणतिसाव्याला मात्र त्याला ते बाहेर काढावंच लागलं. कसोटी त्याला फुकटात मिळाली, गुणधर्मासाठी किंमत मोजावी लागली.

त्याची पहिली चार गृहीतकं अगदी साधी. दोन बिंदू रेषेने जोडता येतात, रेषा वाढवता येते, कुठल्याही केंद्राभोवती हव्या त्या त्रिज्येचं वर्तुळ काढता येतं, सगळे काटकोन सारखे. पाचवं गृहीतक एकदम लांबलचक. दोन रेषांना तिसरी रेषा छेदत असेल आणि एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरत असेल, तर त्या दोन रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला कुठेतरी भेटतात. यातही तिसरी रेषा आहेच, बघा. युक्लिड दोन रेषांकडे नुसतं बघून काही बोलत नाही, मध्ये एक छेदिका टाकतो आणि मग बोलतो.

'कुठेतरी' हा शब्द हिशेबाला बसून बघा. दहा फुटांवर समोरासमोर असलेल्या दोन भिंती एका अंशाच्या शंभराव्या भागाने एकमेकींकडे कललेल्या आहेत असं धरू. कॉम्प्युटरवर मी हे सहज काढू शकते, दिसायला त्या पक्क्या समांतर दिसतात. वाढवत नेल्या तर भेटतात साधारण साडेसतरा किलोमीटरवर. म्हणजे सांगलीतून निघून मिरज ओलांडून पार पुढे. कलणं आणखी शंभर पटीने कमी केलं तर साडेसतराशे किलोमीटर. पण युक्लिड म्हणतो, भेटणारच. कितीही कमी कलू द्या, भेटणारच. असं विधान गृहीत धरायचं म्हणजे जरा जडच, आणि लोकांना ते जड वाटलंही. हे बाकीच्या चार गृहीतकांतून निघेल, सिद्ध करता येईल, असं प्रत्येक शतकात कुणाला तरी वाटत राहिलं. टॉलेमीने प्रयत्न केला. रुबायांमुळे आपल्याला ठाऊक असलेला उमर खय्याम, त्याने केला. त्याच्यानंतर नसीरुद्दीन तुसीने केला. याच तुसीच्या अरबी संस्करणावरून जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ पंडिताने अठराव्या शतकात युक्लिडचा संस्कृत अनुवाद केला, 'रेखागणित' नावाने.

मला यातला सगळ्यात चटका लावणारा माणूस वाटतो तो इटलीतला साकेरी. जेझुइट पाद्री. १७३३ साली त्याने पुस्तक काढलं, युक्लिडवरचा प्रत्येक डाग धुऊन काढला असा दावा करणारं. पद्धत अशी, की पाचवं गृहीतक खोटं आहे असं मानायचं आणि पुढे जात राहायचं, कुठेतरी विसंगती सापडेलच. तो गेला, बराच लांब गेला, एकामागून एक प्रमेयं सिद्ध करत गेला आणि विसंगती काही सापडेना. शेवटी त्याने जाहीर केलं की हे निष्कर्ष सरळ रेषेच्या स्वभावालाच धरून नाहीत, म्हणून खोटे. एक अख्खी नवी भूमिती हाताला लागली होती आणि त्याने ती कचऱ्यात टाकली.

पुढे १७९५ मध्ये प्लेफेअर या स्कॉटिश गणितज्ञाने तेच गृहीतक सुटसुटीत रूपात मांडलं. रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एक आणि एकच समांतर रेषा काढता येते. शाळेत आपण साधारण हेच शिकतो. मग १८२९ मध्ये रशियात लोबाचेव्हस्कीने आणि १८३२ मध्ये हंगेरीत यानोश बोल्याईने, एकमेकांना न कळता, साकेरीने टाकून दिलेली वाट पूर्ण चालून दाखवली. त्यांच्या भूमितीत त्या बिंदूतून न भेटणाऱ्या रेषा एक नाही, असंख्य निघतात, आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशीपेक्षा कमी भरते. बोल्याईचे वडीलही गणितज्ञ. तेही याच गृहीतकाच्या नादात पोळलेले, म्हणून त्यांनी मुलाला यातून बाहेर पड अशी कळकळीने विनंती केली होती. मुलाने ऐकलं नाही ते बरं झालं. १८६८ मध्ये बेल्ट्रामी या गणितज्ञाने दाखवून दिलं की युक्लिडची भूमिती निर्दोष असेल तर ही नवी भूमितीही तेवढीच निर्दोष आहे. म्हणजे पाचवं गृहीतक बाकीच्यांतून निघतच नाही. युक्लिडने ते वेगळं लिहिलं होतं ते अगदी बरोबर होतं.

आता साइटवर येऊ.

प्लॅन मंजूर झाला की लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर आखणी करायच्या दिवशी मी शक्यतो स्वतः जाते. आमच्याकडे एक गवंडी आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. वय साठीच्या पुढे. त्यांच्याकडे दोन फुटी लोखंडी गुण्या आहे, पण आखणीला ते तो पिशवीतून काढत नाहीत. "ताई, गुण्या प्लास्टरला. आखणीला टेप." कारण सरळ आहे. दोन फुटांच्या गुण्यात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक असेल तर चाळीस फुटांवर तो अडीच इंच होतो. लहान हत्याराने काढलेला काटकोन लांब नेला की त्याची चूकही तेवढीच लांब जाते.

म्हणून तीन-चार-पाच. कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, आणि त्या दोन खुणांमध्ये तिरका टेप धरला की बरोबर पाच आला पाहिजे. मामा तीन-चार-पाच करत नाहीत, सहा-आठ-दहा करतात, जागा असेल तर बारा-सोळा-वीस. माप जितकं मोठं तितका दोष लहान. आणि तीस बाय चाळीसचा प्लॉट असेल, आपल्याकडे सर्रास असतो, तर मग काही विचारूच नका. त्याचा कर्ण बरोबर पन्नास. अख्खा प्लॉटच एक मोठा गुण्या.

त्यानंतर दोन्ही कर्ण मारायचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे आयत. यात समांतर आणि लंब दोन्ही एकदम तपासून होतात, आणि पुन्हा पाहा, तपासणारी रेषा चौकटीतली नाहीच, आडवी-तिडवी गेलेली तिसरीच आहे. ती किती तिखट असते त्याचा हिशेब मी एकदा करून ठेवला आहे. तीस बाय चाळीसच्या चौकटीचा कोपरा नव्वदऐवजी एकोणनव्वद अंश झाला, तर एक कर्ण पन्नास फूट पाच इंच भरतो आणि दुसरा एकोणपन्नास फूट सात इंच. दहा इंचांचा फरक. एक अंश डोळ्याला कुणालाही दिसणार नाही, दहा इंच आंधळ्यालाही टेपवर लागतील. पण नुसते कर्ण सारखे आले म्हणून खूश व्हायचं नाही. पुढची बाजू एकतीस आणि मागची एकोणतीस असा सारख्या बगलांचा समलंब चौकोन असला तरी त्याचे कर्ण सारखेच येतात. मामा आधी चारही बाजू मारतात, मग कर्ण. हा क्रम त्यांना कुणी प्रमेय म्हणून शिकवलेला नाही.

दोरी आणि खुंटीची ही विद्या आपल्याकडे फार जुनी. यज्ञवेदी आखण्यासाठी लिहिलेली शुल्बसूत्रं म्हणजे अक्षरशः दोरीची सूत्रं. बौधायनाने त्यात आयताच्या कर्णाचा नियम दोरीच्या भाषेत सांगितला आहे. लांबीची दोरी आणि रुंदीची दोरी मिळून जेवढं क्षेत्र वेगवेगळं करतात तेवढं तिरकी दोरी एकटी करते. पुढे जोड्याही दिल्या आहेत, तीन-चार, बारा-पाच, पंधरा-आठ, सात-चोवीस, बारा-पस्तीस, पंधरा-छत्तीस. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात पूर्व-पश्चिम रेषा काढायची रीत आहे, ती मला फार आवडते. सपाट जमिनीवर शंकू म्हणजे खुंटी रोवायची, तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी खुंटीच्या सावलीचं टोक जिथे वर्तुळाला लागेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा लागेल तिथे दुसरी. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम. तिला लंब टाकला की उत्तर. आजकाल गिऱ्हाईक मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन येतात आणि लोखंडी सळयांच्या ढिगाजवळ उभं राहून मला उत्तर दाखवतात. त्यांना मी कात्यायन सांगत नाही, पाच पावलं बाजूला व्हायला सांगते.

आडव्या आखणीला दोरी, तसा उभ्याला ओळंबा. आणि इथे एक गंमत आहे, ती मी साइटवर कधी बोलत नाही, उगाच कामगारांच्या डोक्याला ताप. घराच्या दोन टोकांना दोन ओळंबे सोडले तर ते समांतर नसतात. दोन्ही पृथ्वीच्या मध्याकडे ओढले जातात, म्हणजे खाली, फार फार खाली, साधारण सहा हजार तीनशे सत्तर किलोमीटरवर, एकमेकांकडे झुकलेलेच असतात. तीस फूट अंतरावरच्या तीस फूट उंच भिंतींना यामुळे पडणारा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा जेमतेम. प्लास्टरमध्ये त्याच्या शेकडो पट चुका दडपल्या जातात, त्यामुळे सोडून द्या. पण न्यूयॉर्कचा व्हेराझानो-नॅरोज पूल घ्या, १९६४ साली सुरू झालेला. त्याचे दोन मनोरे सुमारे तेराशे मीटर अंतरावर आणि प्रत्येकाची उंची दोनशे अकरा मीटर. दोन्ही अगदी ओळंब्यात उभे, आणि म्हणूनच पायथ्यापेक्षा माथ्याशी एकमेकांपासून जास्त दूर. किती, तर सव्वाचार सेंटिमीटरच्या आत-बाहेर. आमच्या भाषेत एक इंच पाच सूत. अभियंत्यांना हे धरूनच नकाशे काढावे लागले.

पृथ्वी गोल आहे म्हटल्यावर तिच्यावरची सरळ रेषा म्हणजे काय हा प्रश्न येतो. सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे सरळ, असं धरलं तर रेखावृत्तं सरळ आहेत. विषुववृत्ताला सगळी काटकोनात छेदतात, म्हणजे छेदिकेशी कोन सारखे, आमच्या टी-स्क्वेअरच्या हिशेबाने समांतर. तरीही ध्रुवावर सगळी एकत्र येतात. गोलावर समांतर रेषा नावाची वस्तूच नाही, आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशीच्या वर जाते. यात पुस्तकी काही नाही. कर्नल लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानचं जे त्रिकोणी सर्वेक्षण सुरू केलं, त्यात हा जादा कोन हिशेबात धरावाच लागत होता. बाजू पन्नास किलोमीटरच्या असतील तर तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंशांवर सुमारे साडेपाच सेकंद जास्त भरते. अंशाचे साठ मिनिटं, मिनिटाचे साठ सेकंद, त्यातले साडेपाच. त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्धा टन वजनाचा होता, तो असल्या सेकंदांसाठीच वाहून न्यायचा. लॅम्ब्टन वारला तो काम करता करता, १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. कधी त्या बाजूला गेले तर त्याची कबर पाहायची आहे.

भाचीने पाठ केलेली व्याख्या होती, "एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा म्हणजे समांतर रेषा." मी म्हटलं, अर्धी व्याख्या कुठे ठेवलीस? एकाच प्रतलात, म्हणजे एकाच सपाट पातळीत, असून न छेदणाऱ्या. हे 'एकाच प्रतलात' बहुतेक सगळेच गाळतात, कारण कागदावर सगळं एकाच प्रतलात असतं. युक्लिडने मात्र गाळलेलं नाही.

खोलीत बसून छताकडे बघा. समोरच्या भिंतीची छताशी असलेली आडवी कड आणि तुमच्या मागच्या कोपऱ्यातली जमिनीपासून छतापर्यंतची उभी कड. वाढवा कितीही, भेटणार नाहीत. पण समांतरही नाहीत. हा तिसराच प्रकार, आणि अवकाशात तोच सगळ्यात जास्त. कागदावर डोळे मिटून दोन रेषा मारल्या तर त्या कुठेतरी भेटणारच, नेमक्या समांतर यायला नशीबच लागेल. अवकाशात डोळे मिटून दोन काठ्या फेकल्या तर ना त्या भेटतील, ना समांतर असतील, अधांतरी एकमेकींच्या वरखालून निघून जातील. समांतर मात्र दोन्हीकडे दुर्मीळच. ते आपोआप होत नाही, करावं लागतं. जंगलात समांतर शोधायला जाऊ नका, घरात मात्र जिकडे बघाल तिकडे दिसेल, कारण कुणीतरी दोरी लावून ते केलेलं असतं.

माझ्या धंद्यात या तिसऱ्या प्रकाराचा रोजचा त्रास असतो. प्लॅन म्हणजे वरून पाहिलेलं चित्र. वरच्या बाथरूमचा चार इंची पाइप आणि खालचा बीम प्लॅनवर फुली मारल्यासारखे छेदलेले दिसतात. मालक बोट ठेवून विचारतात, "मॅडम, पाइप बीम फोडून जाणार का?" जाणार नाही, पाइप बीमच्या खालून जातोय, प्लॅनवर उंची दिसत नाही एवढंच. मग सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढून दाखवायचा. अशा दोन रेषांमध्ये सगळ्यात कमी अंतर एकाच जागी असतं, दोन्हींना एकदम लंब असणाऱ्या एका तुकड्यावर, आणि प्लंबरला तेवढंच अंतर हवं असतं. इथेही दोघींचं नातं सांगायला तिसरीच यावी लागली.

हा प्रकार दिसायला सुंदरही असतो. बांबूचा मुढा पाहिलाय ना, बसायचा, मध्ये कमरेला आवळलेला? त्यातल्या काड्या सगळ्या सरळ असतात, बाक त्यांच्या तिरक्या मांडणीतून येतो. काही काड्या उजवीकडे कललेल्या, काही डावीकडे. उजव्या कलाच्या कुठल्याही दोन काड्या घ्या, त्या भेटत नाहीत आणि समांतरही नाहीत. उजव्या कलाची एक आणि डाव्या कलाची एक घेतली तर त्या एकमेकींना छेदतात. आणि नेमक्या समोरासमोरच्या दोन घेतल्या, एक उजवी एक डावी, तर त्या समांतर. रेषांची तिन्ही नाती एका मुढ्यात. रशियन अभियंता शुखोव्हने १८९६ मध्ये निझनी नोव्हगोरोदच्या प्रदर्शनात सरळ लोखंडी पट्ट्यांचा असाच मनोरा उभा करून दाखवला, वर पाण्याची टाकी. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचे कमरेत बारीक झालेले शीतन मनोरे याच कुळातले. भाचीला मुढा उलटा करून दाखवला तेव्हा ती पहिल्यांदा परीक्षेत येईल का असं न विचारता बघत बसली. परीक्षेत येत नाही, तेही तिने नंतर विचारून घेतलंच.

सध्या टेबलावर एक गुंठेवारीतला प्लॉट आहे. पुढे रस्ता, दोन्ही बाजूंना शेजारी, आणि दोन्ही बाजूंच्या हद्दी एकमेकींना समांतर नाहीत. शेत विकताना बांध जसा होता तसाच कागदावर उतरला. पुढच्या रस्त्याची रेषा छेदिका धरून दोन्ही आंतरकोन मोजले. डावीकडे नव्वद, उजवीकडे सत्त्याऐंशी. बेरीज दोन काटकोनांहून तीन अंशांनी कमी, म्हणजे युक्लिडच्या नियमाने या हद्दी मागच्या बाजूला कुठेतरी भेटणार. समोरून अठ्ठावीस फूट, मागे साडेपंचवीसच्या आसपास. मालकांचं म्हणणं घर दोन्ही हद्दींना समांतर काढा. त्यांना मी दोनदा कागदावर काढून दाखवलं की जे एकमेकींना समांतर नाहीत त्या दोघींना एकच भिंत समांतर होऊ शकत नाही, आणि घराच्या दोन भिंती दोन वेगळ्या हद्दींना समांतर केल्या तर आतल्या खोल्या तिरक्या होतील, फरशी कापून कापून जीव जाईल, कपाट कोपऱ्यात बसणार नाही. शेवटी त्यांच्या बायकोने निकाल दिला. घर डाव्या हद्दीला धरून गुण्यात, आणि तिरकेपणा सगळा उजवीकडच्या बोळात सोडायचा.

तर आता उजव्या बाजूला एक लांबट पाचर उरली आहे. पुढच्या तोंडाला तिच्यात दोन मोटारसायकली शेजारी-शेजारी लागतील, मागच्या टोकाला एकीचं हँडलही वळणार नाही. मालक म्हणतात तिथे पाण्याची मोटर बसवू. बायको म्हणते कपडे वाळत घालायची दोरी. उद्या मामांना घेऊन जाते, टेप आणि खुंट्या घेऊन. आधी चारही बाजू मारायच्या आहेत.